‘सुटत नाही’ आणि ‘सोडीन’ : प्रेरक मुलाखतीची एक मराठी तपासणी

विल्यम मिलर यांनी १९८३ साली मद्यासक्त रुग्णांशी करावयाच्या संभाषणाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. १९९१ साली स्टीफन रॉलनिक यांच्या सहकार्याने त्या विचाराला ग्रंथरूप आले, आणि २००८ साली या दोघांनी ख्रिस्तोफर बटलर यांच्यासह सामान्य दवाखान्यातील वैद्य व परिचारिका यांच्यासाठी स्वतंत्र पुस्तक लिहिले. पद्धतीचे सार असे की, रुग्णाला सवय बदलण्याचा हुकूम करू नये. बदलाची कारणे त्याच्याच तोंडून निघतील अशा रीतीने त्याच्याशी बोलावे. या पद्धतीची वैद्यकाच्या अंगाने पुष्कळ चिकित्सा झाली आहे आणि तिच्यात प्रस्तुत लेखकाला अधिकार नाही. तथापि जी पद्धती सर्वस्वी वाक्यांवर उभी आहे, ती वाक्ये मराठीत आल्यावर त्यांचे काय होते, हे पाहणे आपल्या विषयाच्या कक्षेतलेच आहे. उदाहरणासाठी महाड व पोलादपूर या तालुक्यांतील मशेरी घेतली आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून, सकाळी दातांना लावण्याची ही सवय मुख्यतः स्त्रियांची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के धूररहित तंबाखू घेणारे आढळले आणि धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा प्रश्न बव्हंशी अशाच न पेटविलेल्या तंबाखूचा आहे.

प्रथम नावाविषयी. ‘प्रेरक मुलाखत’ हा प्रतिशब्द दोन्ही अंगांनी फसवा आहे. ‘मुलाखत’ म्हटल्यावर नोकरीची वा वर्तमानपत्राची मुलाखत डोळ्यांपुढे येते. प्रश्न एकाने विचारावयाचे, परीक्षा दुसऱ्याची. ‘प्रेरक’ या विशेषणाने प्रेरणा वैद्याकडून रुग्णाकडे जाते असे सूचित होते, आणि मूळ सिद्धांत तर नेमका उलट आहे. सरकारी परिभाषेतील ‘समुपदेशन’ याहून बिकट. ज्या उपदेशाला ही पद्धती विरोध करते, तो त्या शब्दाच्या पोटातच बसला आहे. दुसरा बरा शब्द रूढ होईपर्यंत येथे ‘मुलाखत’ हाच शब्द नाइलाजाने वापरतो.

आता गाभ्याकडे वळू. या पद्धतीत रुग्णाच्या बदलपर बोलण्याचे प्रकार पाडले आहेत : इच्छा, क्षमता, कारण, गरज आणि शेवटी निश्चय. २००३ साली मानसभाषाशास्त्रज्ञ पॉल ॲमराइन यांनी मिलर व इतरांसह ८४ व्यसनी रुग्णांच्या संभाषणांचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात पुढील वर्तनाशी थेट संबंध आढळला तो निश्चयाच्या भाषेचा, विशेषतः संभाषणाच्या अखेरीकडे तिचे बळ वाढत गेले असल्यास. इच्छा, क्षमता इत्यादींचा परिणाम निश्चयाच्या वाटेनेच होत होता. इंग्रजीत ही सर्व वाक्ये एकाच कर्त्याने सुरू होतात. पायरी बदलली तरी ‘मी’ जागचा हालत नाही.

मराठीत तसे नाही. मशेरी लावणारी स्त्री म्हणते, ‘मला सोडावीशी वाटते’. ‘मला सोडवत नाही’. ‘मला सोडायला हवी’. इच्छा, क्षमता, गरज, तिन्ही ठिकाणी बोलणारी चतुर्थीत आहे; क्रिया तिच्यावर येते, ती क्रिया करीत नाही. ‘सोडवत नाही’ हे तर आपल्या व्याकरणातले शक्य क्रियापद. याच्याही अलीकडची पायरी ‘मशेरी सुटत नाही’ ही. येथे कर्ता मशेरी आहे आणि स्त्री वाक्यातून नाहीशीच झाली आहे. ‘मी सोडीन’ येथे ती प्रथमेत येते. मूळ सिद्धांतातील तयारीची भाषा आणि निश्चयाची भाषा यांतील सीमारेषा मराठीत अशी विभक्तीतच दिसते, आणि मराठी बोलणाऱ्या वैद्याला त्याकरिता वेगळे कान तयार करावे लागत नाहीत. दवाखान्यात मात्र ‘सुटत नाही’ला ‘सोडा’ हे उत्तर मिळते. अकर्मकाला सकर्मकाने दिलेले हे उत्तर व्याकरणदृष्ट्याही प्रश्नाला सोडून आहे.

येथे एका भोळेपणापासून सावध राहावयास हवे. प्रथमा आली की निश्चय झाला असे नव्हे. ‘सोडते हो, डॉक्टर’ हे वाक्य घराबाहेर पडताना म्हटलेल्या ‘येते’च्या जातीचे आहे, त्याने भेट संपते, सवय संपत नाही. ‘बघते’ हा तर सभ्य नकार. इंग्रजी संभाषणांवरून बेतलेली निश्चयाच्या बळाची मोजपट्टी या वाक्यांना जशीच्या तशी लावली, तर ‘सोडते’ला भरघोस गुण पडतील आणि ‘एकादशीपासून सकाळची तेवढी लावणार नाही’ या तुटपुंज्या दिसणाऱ्या वाक्याला कमी. प्रस्तुत लेखकाच्या मते खरे वजन दुसऱ्या वाक्यात आहे, कारण त्यात दिवस आहे, वेळ आहे आणि मर्यादा आहे.

मुलाखतीचे दुसरे अंग म्हणजे रुग्णाचे म्हणणे त्याला परत ऐकविणे. यासाठी मराठीपाशी तयार साधन आहे : ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणता.’ हा ‘म्हणता’ बाईचे म्हणणे तिच्या पदरात परत घालतो आणि पुढे बोलावयास वाव ठेवतो. त्याच जागी ‘म्हणे’ आला तर अविश्वास व्यक्त होतो. एका प्रत्ययाचा फरक. परंतु कोणत्याही भाषांतरित पाठ्यपुस्तकात तो सापडावयाचा नाही. ‘का’ हा प्रश्नही असाच. ‘मशेरी का लावता?’ हे मराठी कानाला कारण विचारणे वाटत नाही, झाडणे वाटते.

मग आज्ञार्थ सर्वत्र त्याज्य मानावा काय? पद्धतीचे उत्साही अनुयायी तसे मानतात. ते या लेखकाला पटत नाही. महाडपुरते बोलावयाचे तर दोन दाखले समोर आहेत. विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपयोगाचा डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यामागील निरीक्षणांचा आरंभ जवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात झाला होता. विष भिनलेल्या रुग्णाची इच्छा विचारीत बसणे तेथे हास्यास्पद ठरेल. दुसरा दाखला अधिक अवघड आहे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले; डिसेंबरात स्त्रियांपुढे बोलताना लुगडे नेसण्याची पद्धत बदलावी, जातीची खूण ठरलेले दागिने टाकावेत, असे सांगितले. हे सारे सरळसरळ आज्ञार्थातले बोलणे; आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयी त्याने हलल्या. परंतु तो आज्ञार्थ ऐकणाऱ्यांच्याच स्वाभिमानातून उभा राहिला होता आणि बोलणारा त्यांच्यातलाच होता. म्हणून दोष क्रियापदाच्या रूपात नाही. मिलर यांच्या सिद्धांताचा जो भाग टिकतो तो कारणाच्या मालकीचा. आज्ञार्थाविषयीची त्याच्या अनुयायांची धास्ती टिकत नाही.

पुराव्याची बाजूही संमिश्र आहे. २००५ च्या एका आढाव्यात ७२ चाचण्या एकत्र पाहून ही पद्धती नेहमीच्या उपदेशापेक्षा सरस ठरविली गेली. धूम्रपानासंबंधी २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याने मात्र निष्कर्षापुरता पुरावा नाही असे म्हटले. आपल्याला जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांनी घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी याच वळणाचे संभाषण केले, फार तर चार बैठका. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आलेल्या त्या चाचणीत ३ महिन्यांनी ३६ टक्के पुरुष घातक मद्यपानातून बाहेर आले होते, तुलनेच्या गटात २६ टक्के. हा फरक लहान नव्हे. परंतु भारतातील प्राथमिक वैद्याची एक भेट सरासरी अडीच मिनिटेही टिकत नाही असे २०१७ च्याच एका जागतिक आढाव्यात दिसते, आणि पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून खाली उतरलेली बाई दुसऱ्या बैठकीला येईलच असे नाही. तेव्हा हे बोलणे घरी जाणाऱ्या आशा स्वयंसेविकेकडेच येते. तिच्या हाती तिशी ओलांडलेल्यांसाठीचा तक्ता असतो, आणि त्यात तंबाखूपुढे तीनच घरे : कधीच नाही, पूर्वी किंवा अधूनमधून, रोज. गुण ०, १, २. ‘सुटत नाही’ कोणत्या घरात लिहावयाचे?

शिवाय ती स्वयंसेविका बहुधा त्याच गावची सून. समोरच्या बाईला ती ‘काकी’ म्हणते. काकीला ‘सोडा’ म्हणणे तिच्या तोंडी शोभत नाही आणि ‘तुम्हांला काय वाटतं?’ हेही पाहुण्यासारखे वाटते. ‘पहिली कधी लागते, काकी?’ हे मात्र ती सहज विचारू शकते. एवढ्यावरून संभाषण सुरू होईल. अडचण त्यानंतरची आहे. मूळ ग्रंथात प्रामुख्याने खोलीत दोनच माणसे गृहीत धरलेली आहेत. येथे पडवीत सासू बसलेली असते, जाऊ तांदूळ निवडीत असते, आणि काकी ‘मी…’ म्हणून तोंड उघडते न उघडते तोच आतून उत्तर येते : ‘ती नाही सोडायची.’ या तिसऱ्या आवाजाचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच.