सहावर तीन त्रेसष्ट : दुसरीच्या गणिताचा वाद, बेळगावातून पाहताना

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो बहुतेकांना आठवत असेल. ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’ऐवजी ‘साठ तीन’ असं मुलांना शिकवणार म्हणून वर्तमानपत्रं पेटली, विधिमंडळात आडनावांवर कोट्या झाल्या, आणि मराठी बुडाली असं म्हणणारे एकदम पुष्कळ झाले. आमच्या बेळगावातही कट्ट्याकट्ट्यावर तेच चाललं होतं. गंमत अशी की त्या पुस्तकाचा आणि आमच्या सरकारी मराठी शाळांचा काही संबंधच नव्हता. आमच्या मुलांच्या हातात कर्नाटकाची पुस्तकं असतात, ती तिकडे मराठीसह सात माध्यमांत छापली जातात. तरीही मला वाटतं, या वादावर बोलायला बेळगाव, हैदराबाद, बडोदं, इंदूर इथला मराठी माणूस पुण्यामुंबईच्या माणसापेक्षा जास्त लायक होता. त्याला कुणी विचारलं नाही, हा भाग निराळा.

आधी पुस्तकाची बाजू नीट मांडतो, कारण ती त्या वेळी नीट ऐकलीच गेली नाही. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. स्वतः गणितज्ञ, आणि लहान मुलांना गणित आवडावं म्हणून आयुष्यभर लिहिणाऱ्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मराठी संख्यानामांत जोडाक्षरं फार, ती सात वर्षांच्या मुलाला जड जातात. शिवाय लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, यामुळे मूल गोंधळतं. दक्षिणेकडच्या भाषांत आणि इंग्रजीत हा घोळ नाही. आणि जुने शब्द पुस्तकातून काढलेले नव्हते, दोन्ही रूपं दिलेली होती. टीका करणाऱ्या किती जणांनी ते पान उघडून पाहिलं होतं, देव जाणे.

हे निदान खरं आहे. ‘तीन’ या एका आकड्याचं काय होतं ते बघा : तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. एकच तीन, पण त्याची तोंडं किती! ‘त्रेसष्ट’ म्हटल्यावर मुलाच्या कानावर आधी ‘त्रे’ पडतं, हात ३ लिहितो, मग ६. झाले छत्तीस. (त्रेसष्टातले सहा आणि तीन समोरासमोर बघतात आणि छत्तिसातले एकमेकांकडे पाठ करतात, म्हणून तर आपल्याकडे ‘छत्तीसचा आकडा’ म्हणजे वैर.) जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि तिथली मुलं अशीच उलटापालट करतात, त्यावर तिकडे अभ्यास झालेले आहेत. तेव्हा ‘आम्ही शिकलो, आम्हाला नाही काही झालं’ हे उत्तर पुरेसं नाही. ज्यांना काही झालं ते चौथीत शाळा सोडून गेले. ते लेख लिहीत नाहीत.

माझी तक्रार औषधाबद्दल आहे.

‘साठ तीन’ हे कुणाचंच मराठी नाही. मूल वर्गात साठ तीन म्हणेल आणि घरी आल्यावर आजी त्रेसष्टच म्हणणार. कंडक्टर, भाजीवाली, किराणा दुकानदार सगळे त्रेसष्टच म्हणणार. नॉर्वेमध्ये १९५१ साली सरकारने अगदी हाच बदल कायद्याने केला. तोवर तिथे तीन-आणि-साठ म्हणत, ते साठ-तीन केलं. मूळ कारण टेलिफोनचं होतं, लांबलचक नंबर सांगताना ऑपरेटरचा घोळ होत असे. शाळा, रेडिओ, सरकारी कारभार सगळं बदललं. तरीही कितीतरी लोक पुढे अनेक दशकं घरात जुन्याच पद्धतीने मोजत राहिले. म्हणजे असा बदल अशक्य नाही, पण त्यासाठी सगळं राज्ययंत्र एका दिशेने हलवावं लागतं. एका इयत्तेच्या एका पुस्तकाने ते होत नसतं.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ज्या औषधाच्या शोधात समिती होती ते आपल्या जुन्या उजळणीत होतंच. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, पहिलीत आकडे कसे घोकलेत? ‘एकावर शून्य दहा, एकावर एक अकरा, एकावर दोन बारा.’ पुढे ‘दोनावर एक एकवीस’, ‘सहावर तीन त्रेसष्ट’. या तीन शब्दांच्या ओळीत काय काय आहे ते पहा. आधी दशकाचा आकडा, मग एककाचा, म्हणजे हात पाटीवर जसा चालतो तोच क्रम. आणि शेवटी संख्येचं नाव, जसं बाजारात बोलतात तसं. लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम यांचं भांडण ज्या कुणी पंतोजींनी मिटवलं असेल, त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला नाही, चालीवर घोकायला लावलं. ‘साठ तीन’ हे समजावून सांगायला उत्तम, नाव म्हणून वाईट. उजळणीने समजावणं आणि नाव दोन्ही एका श्वासात ठेवलं होतं. २०१९ च्या वादात हे कुणी म्हटलेलं माझ्या वाचनात तरी आलं नाही. एक बाजू मराठीचा अभिमान सांगत होती, दुसरी सुलभता. उजळणी दोघांच्याही घरात माळ्यावर पडून होती.

आता आमच्या गावाचं. बेळगावात मराठी मूल शाळेत ‘त्रेसष्ट’ शिकतं आणि खडेबाजारात ‘अरवत्तमूरु’ ऐकतं. अरवत्तु म्हणजे साठ, मूरु म्हणजे तीन. म्हणजे ज्याला महाराष्ट्राने नवी पद्धत म्हटलं ती आमच्या कानावर जन्मापासून आहे. हैदराबादचं मराठी मूल ‘अरवै मूडु’ तेलुगूत ऐकतं, ‘तिरसठ’ उर्दूत ऐकतं, आणि घरी त्रेसष्ट. त्या मुलांच्या डोक्यात संख्या दोन्ही बाजूंनी चालत आल्या आहेत, पिढ्यान् पिढ्या. आमच्या वर्गात अर्धी मुलं घरी कन्नड बोलणारी होती. गुरुजी पाटीवर ६३ लिहीत, एकाला म्हणत कन्नडमध्ये सांग, दुसऱ्याला म्हणत मराठीत सांग, आणि विचारत, ‘कुणी आधी कुठला आकडा म्हटला?’ त्यांना त्यात काही विशेष करतोय असं वाटत नसावं. वर्गात दोन भाषा होत्या, त्या त्यांनी वापरल्या. मला मात्र आज वाटतं की स्थानिक किंमत या गोष्टीवरचा याहून चांगला पाठ मी कुठल्या पुस्तकात पाहिला नाही.

इथे सीमाभागातल्या माणसाने थोडं प्रामाणिक राहिलं पाहिजे. आज आमच्या मराठी शाळांची ओढाताण आम्ही सांगतो, ती खरीच आहे. पण एकोणिसाव्या शतकात धारवाडकडे उलटं चित्र होतं. कन्नड घरातल्या मुलांना शाळेत मराठीच शिकावी लागे. डेप्युटी चन्नबसप्पांसारखी माणसं कन्नड शाळांसाठी झटली तेव्हा ते बदललं. परक्या भाषेत मोजायला लागणं म्हणजे काय, हे त्या मुलांनीही भोगलं आहे.

शब्दांकडे परत येतो, कारण खरी मजा तिथे आहे. दुसरीच्या पुस्तकाने जे शब्द ‘कठीण’ ठरवले त्यांत एक तर्क दडलेला आहे. एकोणीस म्हणजे एक उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. मराठी संख्या पुढच्या टप्प्याकडे बघून आपली जागा सांगते. पाऊण म्हणजे पाव कमी एक. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. अडीचचं मूळ अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. साडेतीनाला जुना शब्द औट, त्याचं मूळ अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. सगळीकडे नजर पुढच्या पूर्णाकडे. आणि कन्नडमध्येही पहा, ‘ओंबत्तु’ म्हणजे नऊ हा शब्द दहाला एक कमी या अर्थाने बनला असं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे शेजाऱ्यांची खोडही तीच, फक्त जागा वेगळी.

इंदूरच्या मंडळींसाठी एक आडवाट : हिंदीत एकोणनव्वदला ‘नवासी’ म्हणतात, म्हणजे ऐंशीवर नऊ. गुजरातीतही ‘नेव्यासी’. मराठी मात्र तिथेही एक उणे नव्वद म्हणते, आणि मग नव्व्याण्णवला एकदम हात टेकते, एकोणशंभर म्हणत नाही. इंदूरच्या मराठी घरातलं मूल मराठीत बोलताना एकोणनव्वदच्या जागी नवासी म्हणून जातं ते इथेच. आणि बडोद्याचं मूल ‘बे एके बे’ म्हणताना अडखळत नाही, कारण त्याच्या गल्लीत दोनाला बेच म्हणतात. आपण बोलताना दोन म्हणतो, पाढ्यात बे म्हणतो. बावीस, बेचाळीस, बासष्ट यांतही ‘दोन’ नाही, ब आहे. त्रिक, चोक, सक हेही पाढ्याबाहेर कुठे फारसे भेटत नाहीत. पाढा म्हणजे भाषेचं जुनं कपाट आहे, मुलांच्या तोंडात ठेवलेलं.

त्या कपाटातला एक कप्पा मात्र आपल्या डोळ्यांदेखत रिकामा झाला आणि त्यावर एकही मोर्चा निघाला नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी. अपूर्णांकांचे पाढे. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण, अशा जगात हे पाढे म्हणजे रोजची गरज होती. मण सव्वासात रुपयांना, तर अडीच शेराचे किती, हे दुकानात उभ्या उभ्या सांगता यायला हवं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि औटकीची गरज संपली. हे योग्यच झालं, मी त्याबद्दल गळा काढणार नाही. पण गरजेबरोबर अपूर्णांकाची ओळखही गेली. आमच्या वेळी पाव, निम्मा, पाऊण हे शब्द मुलाला पहिलीच्या आधी घरात माहीत असत. आता अपूर्णांक चौथीच्या आसपास एकदम अंश आणि छेद होऊन समोर येतो, आणि मुलं त्याला घाबरतात. आज बाजारात मिळणाऱ्या ज्या अंकलिप्या मी चाळल्या त्यांत एक ते तीसचे पाढे आहेत, इंग्रजी अक्षरं आहेत, फळांची रंगीत चित्रं आहेत. पावकी एकीतही नाही. पावणेपाच वाजले म्हटल्यावर माझा नातू विचारतो, ‘आजोबा, म्हणजे फोर फॉर्टी-फाइव्ह ना?’

इथेच मला २०१९ च्या टीकाकारांचा राग येतो. एकोणऐंशी म्हणजे किती हे माहीत नसलेली मुलं दुसरीच्या पुस्तकाने तयार केलेली नाहीत. ती त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजी माध्यमात बसलेली आहेत. ‘वीस एक’वर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी ज्यांना मी ओळखतो, त्यांच्या घरात मुलांना फोन नंबर इंग्रजीत पाठ आहे आणि मराठीत सांगता येत नाही. सरकारी मराठी शाळेतल्या, बहुतेक गरीब घरच्या मुलांनी जड शब्द सांभाळावेत, आणि आपल्या मुलांनी सेव्हंटी-नाइन म्हणावं, असा तो अभिमान होता. नारळीकरांना निदान त्या शाळेतल्या मुलाची काळजी होती.

आणि जुन्या शाळेचंही मी फार गोड चित्र काढलं असेन तर ते थोडं पुसतो. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती, संध्याकाळी घरोघर परवचा होता, दसऱ्याला एकच्या आकड्यांची सरस्वती काढून पाटीपूजन होतं. पण तिथे छडीही होती, मुली जवळजवळ नव्हत्या, आणि गावातल्या कितीतरी जातींच्या मुलांना ओसरीवर चढू दिलं जात नव्हतं. औटकी येणारा वर्ग हिशेब लिहिणारा आणि सावकारी करणारा होता. ज्याच्या नावावर कर्ज लिहिलं जाई त्याला ती येत नसे. उजळणीचं कौतुक करताना तिचा उपयोग कुणी कुणाविरुद्ध केला हेही इतिहासाच्या अभ्यासकाने लिहिलं पाहिजे. म्हणूनच तर ‘सहावर तीन त्रेसष्ट’ ही ओळ आज सरकारी शाळेच्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचायला हवी होती. समितीला ती पुस्तकात घालायला अर्धं पान पुरलं असतं.

आपल्या मंडळापुढे एक विनंती ठेवतो. सीमाभागातल्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या, ग्वाल्हेरच्या घरांत १९५७ पूर्वीच्या उजळण्या आणि अंकलिप्या अजून असतील, बहुधा फाटक्या, ट्रंकेच्या तळाशी. त्यांतली अपूर्णांकांच्या पाढ्यांची पानं आणि आकड्यांच्या नावांची पानं, दोन्हींचे फोटो पाठवावेत. कुठली वजनं-मापं दिली आहेत ते दिसलं तर फारच बरं, कारण मण आणि पायली गावागणिक बदलत. आणि ज्यांना औटकी अजून तोंडपाठ आहे त्यांनी ती फोनवर म्हणून रेकॉर्ड करून ठेवावी. चाल कागदावर उतरत नाही.