कापसाच्या रानातले दोन सूर

धर्मग्रामातील आईवडील आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारतात. तरुण मुले गिटार घेऊन जो ठोकठोक ठेका धरतात, त्याला संगीत म्हणावे काय, आणि म्हटलेच तर ते आपले म्हणावे काय? प्रश्नात तक्रार असते, तशी काळजीही असते. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देऊ नये, असे आम्हांला वाटते. ज्या संगीताच्या वंशात आजची ही ठोकठोक जन्मली, त्याचा उगम आधी पाहावा आणि मग मत द्यावे. त्या वंशातील एक फार जुनी शाखा म्हणजे 'रॉकाबिली'. ती कशी उगवली, कशी सुकली, पुन्हा कशी फुटली आणि आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी तिचे कोणते दूरचे नाते आहे, याचा विचार येथे करू.

नावापासूनच आरंभ करू. 'रॉक' हा शब्द कृष्णवर्णीयांच्या ठेकेदार गाण्यातून आला. 'बिली' हा 'हिलबिली' या शब्दाचा तुकडा. डोंगराळ भागातील गरीब, अडाणी गोऱ्या माणसाला शहरी लोक हिणवून हिलबिली म्हणत. म्हणजे हे नाव मुळात टोमणा आहे. ते ज्यांना चिकटले, त्यांनी ते टाकून दिले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

अमेरिकेतील मेम्फिस शहरात सॅम फिलिप्स यांचा एक लहानसा ध्वनिमुद्रण कक्ष होता आणि १९५२ पासून 'सन रेकॉर्ड्स' ही त्यांची तबकड्यांची कंपनी होती. ५ जुलै १९५४ रोजी तेथे एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बेसवादक बिल ब्लॅक एकत्र आले. त्या महिन्यात निघालेल्या तबकडीच्या एका बाजूस 'दॅट्स ऑल राइट' हे गीत होते. त्याचा मूळ कर्ता आर्थर क्रुडप हा कृष्णवर्णीय ब्लूज गायक. दुसऱ्या बाजूस होते 'ब्लू मून ऑफ केंटकी', म्हणजे बिल मनरो या गोऱ्या गायकाची डोंगरी चाल. मूळ गीत तीन मात्रांवर संथ डोलणारे. या तिघांनी त्याला चार मात्रांची दौड दिली. आपल्याकडे कोणी दादऱ्यातले भजन उचलून केरव्यात म्हणावे, तसा तो प्रकार. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्यांची आणि गोऱ्यांची शाळा निराळी होती, बसमधील आसन निराळे होते आणि बहुधा प्रार्थनामंदिरही निराळे होते. कायद्याने आणि रूढीने जे शेजारी बसू शकत नव्हते, ते एका तबकडीच्या दोन पाठींवर बसले.

या संगीताची रचना साधी आहे. आरंभीच्या या तबकडीत ढोल किंवा ड्रम नाही. मग ठेका कोण धरतो? उभ्या डबल बेसची तार बोटाने ओढून सोडली, की ती लाकडी पट्टीवर आपटते. तिचा 'टक्' असा आवाज ड्रमची जागा घेतो. त्यावर गिटारचे तुटक बोल येतात. गायकाचा आवाज दुसऱ्या टेप यंत्रातून क्षणभर उशिरा परत ऐकू येतो. विहिरीत हाक मारली की जो पडसाद येतो, त्याचा हा धाकटा भाऊ. तीन माणसे, तीन वाद्ये आणि एक पडसाद, एवढ्या भांडवलावर हा संसार उभा राहिला. गरिबीतून आलेली ही काटकसर आहे, आणि तिच्यातच त्याचे सौंदर्य आहे.

ही माणसे आली कोठून? बहुतेक कापसाच्या रानातून. कार्ल पर्किन्स हा टेनेसीतील वाट्याने शेती कसणाऱ्या कुटुंबाचा मुलगा. लहानपणी तो कापूस वेचत असे, आणि गिटारची बोटे त्याला जॉन वेस्टब्रूक या कृष्णवर्णीय वृद्ध शेतमजुराने दाखविली. त्याचे 'ब्लू स्वेड शूज' १९५६ च्या आरंभी आले आणि देशभर गाजले. जॉनी कॅश याचे बालपण आर्कन्सा राज्यातील डायस या वसाहतीत कापसाच्या शेतात गेले. आमच्या शेवगाव तालुक्यात वेचणीच्या दिवसांत बायका सरीत वाकलेल्या असतात आणि एक ओळ या टोकाहून, दुसरी त्या टोकाहून येते. ज्याने ते ऐकले आहे, त्याला पर्किन्सची पार्श्वभूमी निराळी समजावून सांगावी लागत नाही.

कापसाइतकाच या संगीताचा दुसरा मळा म्हणजे प्रार्थनामंदिर. पालकांना याचे नवल वाटेल. पण रॉकाबिलीचे बहुतेक आद्य गायक उपासनेची गीते गात वाढले. प्रेस्ली मेम्फिसमधील ईस्ट ट्रिग बॅप्टिस्ट या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रेव्हरंड हर्बर्ट ब्रूस्टर यांची उपासना ऐकावयास जात असे. जॉनी कॅश प्रथम फिलिप्स यांच्याकडे गेला तो भक्तिगीते गाण्यासाठी. ती विकली जाणार नाहीत, असे त्याला सांगण्यात आले. जेरी ली लुईस याला बायबल शिकविणाऱ्या संस्थेतून काढून टाकले होते, कारण भक्तिगीताला त्याने नाचाचा ठेका दिला. पुढे १९५७ मध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना, अशा गाण्याने आत्म्याचा नाश होतो की नाही, यावर त्याचा आणि फिलिप्स यांचा कडाक्याचा वाद झाला. तो वाद ध्वनिफितीवर शिल्लक आहे. ४ डिसेंबर १९५६ रोजी पर्किन्स, लुईस, कॅश आणि प्रेस्ली योगायोगाने सन कंपनीत एकत्र आले. विरंगुळा म्हणून त्या दिवशी जी गाणी झाली, त्यांत भक्तिगीतांचा भरणा मोठा होता.

या सर्वांच्या आधी एक स्त्री होऊन गेली. सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय गायिका विजेचे गिटार गळ्यात अडकवून देवाची गाणी गात असे. १९४४ मध्ये तिने गायिलेल्या 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' या भक्तिगीतात पुढच्या रॉक संगीताची चाहूल स्पष्ट लागते. ती १९७३ मध्ये वारली. रॉक संगीताच्या मानाच्या दालनात तिचे नाव लागले ते २०१८ मध्ये, पंचेचाळीस वर्षांनी.

येथे आमच्या विवेचनाचे खरे दुखणे येते. या संगीताने शेजाऱ्याचे गाणे ऐकले, हा त्याचा मोठा गुण. शेजाऱ्याचे देणे मात्र चुकते केले नाही, हा त्याचा मोठा दोष. १९५६ मधील एका मुलाखतीत प्रेस्लीने क्रुडपचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले. पण हिशेबाच्या वहीत ते कधी उतरले नाही. हक्काचे मानधन हाती न पडताच क्रुडप शेतमजुरी करीत राहिला आणि १९७४ मध्ये वारला. तोंडाने ऋण मानणे आणि हाताने ते फेडणे यांत अंतर असते. ते अंतर कान तृप्त झाल्याने भरून निघत नाही.

आता घराकडे वळू. या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. गोदावरीच्या काठी पुणतांबे हे गाव आहे. तेथून खाली उतरत नदी आमच्या तालुक्याच्या उत्तरेस जायकवाडीच्या जलाशयात विसावते. त्या पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांचा जन्म झाला. विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकलेल्या या माणसाने हिंदी चित्रपटगीताला पाश्चात्त्य ठेक्याची गोडी लावली. 'शहनाई' (१९४७), 'अलबेला' (१९५१) आणि 'आशा' (१९५७) हे त्याचे टप्पे. 'आशा'मधील 'ईना मीना डीका' हे किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांनी निरनिराळे गायिलेले गीत प्रेस्लीच्या पहिल्या तबकडीनंतर अवघ्या तीन वर्षांनी आले. ते काटेकोरपणे रॉकाबिली नव्हे. त्यात फुंकवाद्यांचा ताफा आहे आणि स्विंगची झोकदार चाल आहे. पण मूळ वृत्ती तीच : अर्थापेक्षा ठेक्यावर विश्वास, आणि दोन परंपरांचे बेधडक लग्न. याच संगीतकाराने 'अनारकली'ची गाणी केली आणि १९६३ मध्ये 'ऐ मेरे वतन के लोगो' ही चाल दिली. म्हणजे परका ठेका घेतल्याने घरचा सूर सुटतो, या भीतीला त्याच्या आयुष्यात आधार मिळत नाही.

हे लग्न लावणारे उपाध्ये मात्र पडद्यामागे राहिले. ते बहुधा गोव्याचे कॅथोलिक वादक होते. गोव्यात चर्चच्या संगीतशाळेत मुले स्वरलेखन वाचावयास शिकत, रविवारच्या मिस्साला व्हायोलिन वाजवीत आणि पोटासाठी मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये व पुढे चित्रपटांच्या स्टुडिओत येत. 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे सी. रामचंद्रांचे सहकारी होते. जॉन गोम्स हे त्यांचे साहाय्यक. 'ईना मीना डीका'तील निरर्थक वाटणाऱ्या बोलांत कोकणीची भर त्यांनीच घातली, अशी हकीकत सांगितली जाते. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा यांनी इतर संगीतकारांच्या गाण्यांना सुसंवादी स्वरांचे अस्तर लावले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बहुसंख्य वादकांची नावे नसत. मेम्फिसचा दोष आपल्याही अंगणात होता, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे.

१९६० च्या सुमारास मूळ रॉकाबिली ओसरली. प्रेस्ली १९५८ मध्ये सैन्यात गेला. एडी कॉकरन १९६० मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात दगावला. रसिकांची रुची बदलली. मग १९७० नंतर युरोपात तिचे पुनरुज्जीवन सुरू झाले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील तीन तरुणांचा 'स्ट्रे कॅट्स' हा संच १९८० मध्ये लंडनला गेला आणि तेथे नावारूपास आला. त्यांचा गिटारवादक ब्रायन सेट्झर हा खरोखर गुणी. ड्रमवादक जेमतेम दोन ढोल आणि एक झांज घेऊन उभ्याने वाजवी. त्यांच्या गाण्यांत नक्कल पुष्कळ आहे. पण उत्साह उसना नाही.

सर्वच पुनरुज्जीवनाबद्दल असे म्हणता येत नाही. कित्येक संचांनी केसांचा कोंबडा, रंगीत जोडे आणि जुन्या मोटारी उचलल्या आणि गाणे तेथेच ठेवले. युरोपातील काही मेळाव्यांत तर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी संघराज्याचा ध्वज शोभेसाठी लावला जाई. ज्या संगीताचा निम्मा प्राण त्या गुलामांच्या नातवंडांकडून आला, त्याच्या माथ्यावर तो ध्वज! पूर्वजांचे कपडे घातले, पण पूर्वजांची ओळखच विसरली, याचे याहून ठळक उदाहरण नसेल.

उलट बाजूस ओक्लाहोमाचा जे. डी. मॅक्फर्सन पाहा. २०१० च्या त्याच्या पहिल्या संग्रहात जुन्या कृष्णवर्णीय गायकांचे ऋण त्याच्या गळ्यातच ऐकू येते. डब्लिनची इमेल्डा मे तर आम्हांला अधिक जवळची वाटते. २००८ च्या 'लव्ह टॅटू' या संग्रहाने पुढे आलेल्या या गायिकेने रंगमंचावर रॉकाबिलीच्या ठेक्यात बोधरान वाजविले. बोधरान म्हणजे लाकडी कड्यावर कातडे ताणलेले आयर्लंडचे लोकवाद्य, आपल्या हलगीची परदेशी बहीणच. मेम्फिसचे गाणे गाताना तिला आपल्या गल्लीतले वाद्य लपवावेसे वाटले नाही. पुनरुज्जीवन म्हणतात ते याला.

आणि येथे 'हिलबिली' या टोमण्याची आठवण करावी. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे ज्या समाजांतून आली, त्यांच्या हाती हलगी, ढोलकी, संबळ आणि तुणतुणे होते. गावाने ते वाजविणे ऐकले आणि वाजविणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी परदेशातून येऊन १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' ओवीत छापले. नारायण वामन टिळकांनी अहमदनगरात भजनाला ख्रिस्ताचे नाव दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगितले. तरीही पुष्कळ धर्मग्रामांत गिटार वेदीजवळ सहज पोचली आणि हलगी मिरवणुकीपुरती अंगणात राहिली. त्यामागे अभिरुचीपेक्षा जुनी लाज अधिक आहे, असे आमचे मत आहे.

म्हणून पालकांना आमचे उत्तर असे. मुलांच्या हातातून गिटार काढून घेऊ नये. ती कोणाच्या कष्टांतून आली, हे त्यांना सांगावे. क्रुडप, रोझेटा थार्प आणि चिक चॉकलेट ही नावे त्यांना ठाऊक असावीत. मग त्या गिटारीशेजारी हलगी बसू द्यावी आणि दोहोंतून काय निघते, ते कान देऊन ऐकावे. आणखी एक लहान काम गायनवृंदांनी हाती घ्यावे. गीतपुस्तिकेत चालीखाली 'पारंपरिक' असे छापून आपण मोकळे होतो. त्यांतील पुष्कळ चाली कोणा ना कोणा वृद्धाने, कोणा ना कोणा वेचणीवाल्या आजीने दिलेल्या असतात आणि त्यांची नावे सांगणारी माणसे अद्याप हयात आहेत. ती नावे विचारून घ्यावीत आणि पुढच्या आवृत्तीत छापावीत.