मूल सापडल्यानंतरची गोष्ट

मराठी किशोरांच्या रहस्यकथेत चोर सापडतो, खजिना सापडतो, पळवलेलं मूलही सापडतं. त्या मुलाला त्या रात्री झोप लागली का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचताना आजही धाप लागते. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा संकटात उडी घेतो, ट्टॉक् करून बाहेर येतो आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा कोराच असतो. दुसऱ्या टोकाला प्रकाश नारायण संतांचा लंपन. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या या पोराच्या मनात संत जितके खोल उतरले, तितकं मराठीत क्वचितच कोणी उतरलं असेल. पण ती पुस्तकं मोठ्यांच्याच कपाटात राहिली. ल. म. कडूंच्या ‘खारीच्या वाटा’ या कादंबरीत धरणाखाली जाणारं गाव मुलाच्या डोळ्यांनी दिसतं, 2017 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार तिला मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही थरार एकीकडे आणि मन दुसरीकडे, ही वाटणी मिटलेली नाही.

ती मिटवणारी कादंबरी रायगडच्या किनाऱ्यावर घडू शकते. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला वाट बंद. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. किल्ल्यावर गेलेला मुलगा परतला नाही, तर कोळीवाड्यातला जाणता माणूस आधी तिथी मोजेल, मग वारा बघेल, मग विचारेल, पोराला शेवटचं कोणी पाहिलं आणि कधी? रहस्यकथेला याहून वेगळा गुप्तहेर कशाला हवा?

किनाऱ्यामागच्या डोंगरांत गोष्ट अधिक अवघड होते. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वर गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं भर पावसात पायवाटेने चढली आणि यंत्रं नेता येईनात म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उपसत राहिली. चार दिवसांनी शोध थांबला, तेव्हा सापडलेल्या मृतदेहांपेक्षा न सापडलेली माणसंच जास्त होती. आश्रमशाळेत राहणारी मुलं त्या रात्री घरी नव्हती, म्हणून वाचली. आपण तिथे नव्हतो, ही बोच घेऊन वाढणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या किशोर कादंबरीच्या केंद्रस्थानी अजून का नाही?

मुलांना इतकं दुःख वाचायला नको, असं म्हणणारे भेटतात. इर्शाळवाडीच्या आणि तशाच दरडीखाली गेलेल्या महाडजवळच्या तळियेच्या मुलांनी ते वाचण्याआधीच भोगलेलं आहे.

मग हे लिहिणार कोण? वनरक्षकाची नोकरी करणाऱ्या सलीम मुल्लांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला 2019 मध्ये साहित्य अकादमीचा हाच बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तसंच महाड-खोपोलीकडे दरीत दोर सोडून उतरणाऱ्या स्वयंसेवकांपैकी कोणीतरी लिहायला बसायला हवं. स्ट्रेचरवरून आणताना सापडलेलं पोर वाटेत काय बोललं, की काहीच बोललं नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.