धूर, अग्नी आणि उंदीर

(इगतपुरी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय औषधशास्त्राचा. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तरी त्यात हात घालतोय, कारण घरचं आहे. माझ्या धाकट्या भावाला फेफरं यायचं. आम्ही त्याच्या नाकाला चप्पल लावायचो, कांदा लावायचो. त्याचा काडीचा उपयोग नसतो. पुढे गोळ्या सुरू झाल्या, झटके कमी झाले, पण पूर्ण कधी थांबले नाहीत. ही औषधं निवडतात तरी कशी, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

१९३७-३८ साली बोस्टनमध्ये मेरिट आणि पटनम यांनी मांजरांना विजेनं आकडी आणून, ती कोणतं रसायन रोखतं ते तपासलं. त्यातून फेनिटॉइन मिळालं. त्यानं असंख्य माणसं सावरली, हे आधी मान्य करू. आज हीच चाचणी उंदरांवर होते. डोळ्यांवर इलेक्ट्रोड, ५० मिलीअँपिअर, ०.२ सेकंद. मागचे पाय ताठ झाले तर औषध नापास, नाही झाले तर पास. दुसऱ्या चाचणीत पेंटिलीनटेट्राझॉल टोचून आकडी आणतात. या दोन चाळण्यांवर हे शास्त्र कित्येक दशकं चाललं.

माझा आक्षेप साधा आहे. तो उंदीर आजारी कुठे होता? धडधाकट मेंदूला धक्का दिला, आकडी आली. अपस्मार म्हणजे बाहेरून कुणी न डिवचताही पुन्हा पुन्हा आकडी येण्याची मेंदूची प्रवृत्ती.

आपले नैयायिक सांगतात, जिथे धूर तिथे अग्नी. उलट म्हणून चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. ‘उंदराची आकडी थांबली, म्हणून माणसाचा अपस्मार आवरेल’ या अनुमानातही अशीच एक अट लपलेली आहे: मेंदू मुळात आजारी असला पाहिजे.

ही नुसती शब्दांची कसरत नाही. लेव्हेटिरासेटाम हे औषध या दोन्ही चाचण्यांत जवळपास निष्प्रभ ठरलं. तेवढ्यावर भरवसा ठेवला असता तर ते कचऱ्यात गेलं असतं. मेंदूला रोज सौम्य विद्युत्‌धक्के देत देत ज्यांच्यात आकडीची प्रवृत्ती रुजवली होती, अशा प्राण्यांत त्याचा गुण दिसला. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आणि चाळण्यांतून उतरलेली इतकी औषधं हाताशी असूनही, सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे झटके आटोक्यात येत नाहीत. माझा भाऊ त्यातलाच.

आता आपल्याकडे बघा. वेखंड, ब्राह्मी, शंखपुष्पी. अर्क काढायचा, निरोगी उंदरांना द्यायचा, याच दोन चाचण्या करायच्या आणि ‘अपस्मारावर गुणकारी’ असं लिहून प्रबंध बांधायला टाकायचा. सिद्ध काय झालं? निरोगी उंदराची मुद्दाम आणलेली आकडी कमी झाली. तेवढंच लिहा.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो, टाळता येईल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळा. बी. फार्म.च्या वर्गात हा प्रयोग आता संगणकावर दाखवतात, हे चांगलंच झालं. पण प्रयोगशाळेत मुक्या जिवाला वेदना द्यायचीच असेल, तर तिचं समर्थन फक्त प्रश्नात असतं. प्रश्नच चुकला तर वेदना वाया गेली. मग दया आणि तर्क ही दोन वेगळी खाती उरत नाहीत.

शेवटचं. अपस्मार या शब्दात ‘स्मृती’ आहे. भावाला झटक्यापेक्षा दोन झटक्यांमधल्या दिवसांची भीती जास्त होती. विहिरीवर जाऊ का, लग्नाचं काय, कुणी पाहिलं तर? उंदराचे मागचे पाय हे सांगत नाहीत.

म्हणून ‘उंदरांवर प्रयोग यशस्वी’ असं वाचलंत की विचारा, तो उंदीर आजारी होता का? आणि उत्तर मिळेपर्यंत, चालू असलेल्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.