संबंधी उपवाक्यातून गळणारे अव्यय : इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनाची एक चिकित्सा

नांदेड व लातूर जिल्ह्यांत मराठी माध्यमातून पदवीपर्यंत आलेला विद्यार्थी ‘द व्हिलेज विच आय लिव्ह’ असे लिहितो, तेव्हा परीक्षक ‘इन’ गळाल्याची खूण करून गुण कापतो. ही चूक निष्काळजीपणाची मानली जाते. वस्तुतः तिचे मूळ मराठीच्या वाक्यरचनेत आहे आणि प्रचलित व्याकरणग्रंथ त्या मुळापर्यंत पोहोचत नाहीत.

मराठीत संबंधी उपवाक्य दोन प्रकारे साधते. ‘ज्या गावात मी राहतो ते गाव’ या जो-तो रचनेत विभक्तीप्रत्यय शाबूत राहतो. इंग्रजीतील ‘इन विच आय लिव्ह’ ही रचना तिच्या जवळची होय. परंतु बोलण्यात अधिक रुळलेली रचना ‘मी राहतो ते गाव’ किंवा ‘मी राहत असलेले गाव’ अशी आहे. तीत ‘त’ हा प्रत्यय लोप पावतो, तरी अर्थाला बाध येत नाही. इंग्रजीत ‘प्लेस’, ‘डे’ यांसारखी मोजकी नामे सोडल्यास ही सवलत नाही. तेथे सर्वनाम गाळता येते, अव्यय नव्हे. विद्यार्थी नेमके उलट करतो, आणि ते स्वभाषेच्या नियमाला धरूनच करतो.

विशेषणांच्या बाबतीत गुंता वाढतो. इंग्रजीत ‘प्राउड’, ‘अफ्रेड’ ही विशेषणे ‘ऑफ’ घेतात. मराठीत त्यांच्या जागी अभिमान, भीती ही नामे येतात व अनुभव घेणारी व्यक्ती ‘मला’ अशी चतुर्थीत जाते. त्यामुळे ‘ज्याची मला भीती वाटते’ यातील ‘ची’ कोठे ठेवावी हे न कळून ‘विच आय ॲम अफ्रेड’ असे अर्धवट वाक्य तयार होते. ‘द सब्जेक्ट इन विच आय ॲम गुड’ या वाक्याची गोष्ट निराळी. येथे उपवाक्याची रचना निर्दोष आहे. ‘गणितात हुशार’ यातील ‘त’मुळे ‘ॲट’ऐवजी ‘इन’ आले, एवढेच. पहिली चूक वाक्यरचनेची, दुसरी शब्दाच्या निवडीची. दोन्हींना एकच लाल रेघ मिळावी, हे मूल्यमापनाचे अपयश म्हटले पाहिजे.

रेन व मार्टिन यांच्या व्याकरणात संबंधी सर्वनामांचे विवेचन एका ठिकाणी आणि ठरावीक अव्यये घेणाऱ्या शब्दांची यादी दुसऱ्या ठिकाणी आहे. यादी पाठ होते. पण नाम पुढे सरकून अव्यय मागे एकटे उरले की पाठांतर निरुपयोगी ठरते. त्यात वाक्याच्या शेवटी अव्यय नको, या जुन्या दंडकाची भर पडते. ड्रायडनने १६७२ मध्ये या प्रयोगाला दोष दिला. १७६२ मध्ये लोथने गंभीर लेखनात तो टाळणे पसंत केले, तरी नित्याच्या बोलण्यात तो इंग्रजीला स्वाभाविक असल्याचे मान्य केले. १९२६ मध्ये फाउलरने तर या दंडकाची गणना भ्रामक समजुतींत केली. आपल्या वर्गांत मात्र तो अद्याप सांगितला जातो. सवय एकीकडे व दंडक दुसरीकडे ओढू लागला, की ‘द पॅटर्न फॉर विच लातूर इज नोन फॉर’ असे दुहेरी वाक्य जन्मते. क्वचित ‘इन दॅट आय लिव्ह’ हेही.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आली. त्यापूर्वी मराठी शाळांत ती पाचवीपासून असे. वर्षे वाढल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण तो शब्दसंग्रहाचा नाही. उपाय फार अवघड नसावा. आधी ‘नांदेड इज फेमस फॉर द गुरुद्वारा’ हे साधे वाक्य लिहून घ्यावे, मग नाम उचलून पुढे न्यावे आणि ‘फॉर’ला हात लावू नये : ‘द गुरुद्वारा नांदेड इज फेमस फॉर’. शेजारी मराठी वाक्याची दोन्ही रूपे मांडल्यास कोणता प्रत्यय कोठे लोपला हे विद्यार्थ्यालाच दिसते. अव्यय पुढे आणणे हा त्यानंतरचा, औपचारिक लेखनाचा धडा. तोही सर्वत्र लागू पडत नाही : ‘लुक आफ्टर’ या जोडक्रियापदातील ‘आफ्टर’ पुढे आणून ‘आफ्टर हूम शी लुक्स’ लिहिले, तर दंडक पाळला जातो आणि इंग्रजी बिघडते.