झीझी टॉप विकले गेले का? एका जुन्या आरोपाची तपासणी

संशोधन-प्रस्ताव लिहिताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडकते. प्रश्न असा लिहिलेला असतो की त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. आज त्यासाठी प्रयोगशाळेबाहेरचं एक उदाहरण घेऊ. रॉक ऐकणाऱ्यांमध्ये एक वाद चाळीस वर्षं चालू आहे: टेक्सासच्या 'झीझी टॉप' या ब्लूज-रॉक बँडने पैशासाठी आपलं संगीत विकलं का? हा बँड तुम्ही ऐकला नसेल तरी चालेल, लागेल ती माहिती पुढे देतोच. आणि 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' म्हणून मी सुटका करून घेणार नाही. शेवटी माझं मत सांगणार आहे, ते पटतं का ते तुम्ही ठरवा.

आधी घटना. बँड १९६९ मध्ये ह्यूस्टनला सुरू झाला. बिली गिबन्स गिटारवर, डस्टी हिल बासवर आणि फ्रँक बियर्ड ड्रम्सवर. २०२१ मध्ये हिल वारले, तोपर्यंत जवळपास पन्नास वर्षं हेच तिघं एकत्र होते. सत्तरच्या दशकातलं त्यांचं संगीत म्हणजे गिटार, बास, ड्रम्स आणि टेक्सासची धूळ. १९७३ च्या 'त्रेस ओम्ब्रेस' अल्बममधलं 'ला ग्रेंज' हे गाणं त्याचा नमुना. मग मार्च १९८३ मध्ये 'एलिमिनेटर' आला. त्यात सिंथेसायझर होता, ड्रम मशीन होतं आणि घड्याळासारखा एकसारखा ठेका होता. सोबत एमटीव्हीवर लाल फोर्ड गाडीचे व्हिडिओ. अमेरिकेत हा अल्बम एक कोटीहून जास्त खपला. आणि जुने चाहते म्हणाले, विकले गेले.

एका वाक्यात तीन दावे

'विकले गेले' हे एकच विधान वाटतं, पण त्यात तीन वेगवेगळे दावे आहेत. पहिला, संगीत बदललं. दुसरा, ते पैशासाठी बदललं. तिसरा, त्या बदलात काहीतरी अप्रामाणिक होतं. पहिला दावा ऐकून आणि मोजून तपासता येतो. दुसरा दावा हेतूबद्दल आहे, त्याला अप्रत्यक्ष पुरावा लागतो. तिसरा दावा मूल्याचा आहे, त्यासाठी आधी निकष सांगावा लागतो. वाद घालणारे पहिल्याचा पुरावा देतात आणि तिसऱ्याचा निष्कर्ष काढतात. तुमच्या प्रस्तावातही ही उडी कुठे लपली आहे का, ते शोधून बघा.

दावा पहिला: संगीत बदललं

बदललं, यात वाद नाही. 'ला ग्रेंज' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला ड्रमच्या कडेवरची हलकी टिकटिक आणि घोगरा, दबका आवाज. मग ड्रम्स अंगावर येतात आणि गाणं उसळतं. तिघं एकमेकांचं ऐकत वाजवताहेत हे जाणवतं. ठेका किंचित पुढेमागे होतो आणि मजा तिथेच आहे. मग 'शार्प ड्रेस्ड मॅन' लावा. इथे ठेका हलतच नाही. 'एलिमिनेटर'ची तिन्ही गाजलेली गाणी मिनिटाला साधारण १२० ते १२५ ठोक्यांच्या पट्ट्यात आहेत.

पण दोनच बिंदू घेऊन रेघ मारू नका. मधले बिंदूही बघा. १९७९ च्या 'देग्वेयो'मध्ये तिघांनी सॅक्सोफोन हाती घेतले होते. १९८१ च्या 'एल लोको'मध्ये सिंथेसायझर येऊन बसला होता. म्हणजे १९८३ मध्ये बदलाचा वेग वाढला, पण बदल एका रात्रीत झाला नाही. शिवाय सगळं बदललं असंही नाही. 'शार्प ड्रेस्ड मॅन'चा ठेका बाजूला ठेवून फक्त गिटार ऐका. गिबन्स तिथे स्लाइड वाजवतो, सूर ओढतो, वाकवतो. ही भाषा ब्लूजचीच आहे. माझ्या कानाला 'एलिमिनेटर'चा जोर इथेच सापडतो: खाली यंत्र, वर माणूस. १९८५ च्या 'आफ्टरबर्नर'मध्ये मात्र यंत्र वरपर्यंत चढलं आणि गिटार त्यात बुडाली. तो अल्बम मला कंटाळवाणा वाटतो. कंटाळवाणा म्हणजे अप्रामाणिक नव्हे, हा फरक पुढे लागणार आहे.

दावा दुसरा: पैशासाठी

'आधी शुद्ध होते, नंतर बाजारू झाले' असं म्हणायचं तर आधीची अवस्था, म्हणजे आपली बेसलाइन, खरंच तशी होती का? 'त्रेस ओम्ब्रेस' बिलबोर्डच्या अल्बम-यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला होता. 'एलिमिनेटर' नवव्यापर्यंत. यशाचं माप म्हणून यादीतला क्रमांक घेतला तर जुना बँडच पुढे, एकूण खप घेतला तर नवा कितीतरी पुढे. माप बदललं की निष्कर्ष बदलतो. १९७४ मध्ये ऑस्टिनच्या स्टेडियममध्ये त्यांना ऐकायला सुमारे ८०,००० माणसं जमली होती. १९७६ च्या दौऱ्यात ते स्टेजवर टेक्सासचे लांबशिंगी बैल, गवा आणि गिधाडं घेऊन फिरत होते. हे तमाशा न जाणणाऱ्या साध्या-भोळ्या कलावंतांचं लक्षण नाही.

आणखी मागे जा. 'ला ग्रेंज'चा ठेका ज्या परंपरेतून येतो तिचा मोठा खांब म्हणजे जॉन ली हुकर. त्याचं 'बूगी चिलन' १९४८ मध्ये रेकॉर्ड झालं आणि १९४९ मध्ये अमेरिकेच्या आर अँड बी यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे ज्या ब्लूजला आपण बाजाराच्या विरुद्ध उभं करतो, तेही रेकॉर्ड विकून, ज्यूकबॉक्सवर वाजूनच पसरलं. बाजार दोन्हीकडे आहे. मग 'पैशासाठी केलं' हा खुलासा आधीच्या आणि नंतरच्या संगीतातला फरक समजावूच शकत नाही, कारण तो घटक दोन्हीकडे हजर आहे.

हेतूचा पुरावा म्हणून दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली दाढीची. दाढीच्या ब्लेडच्या कंपनीने दाढी काढण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली आणि गिबन्स-हिल नाही म्हणाले, असा हा किस्सा. चाहते म्हणतात, बघा, विकले गेले नाहीत! पण दाढी हीच तर त्यांची ओळख होती. तत्त्वनिष्ठ माणूस नाही म्हणेल, तसाच पक्का व्यापारीही नाहीच म्हणेल. जो पुरावा दोन्ही शक्यतांमध्ये सारखाच बसतो, त्याचं वजन शून्य.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. लिंडन हडसन नावाचा साउंड इंजिनिअर 'एलिमिनेटर'च्या पूर्वतयारीत बियर्डच्या घरच्या स्टुडिओत बँडबरोबर काम करत होता. बँडचे जुने स्टेज मॅनेजर डेव्हिड ब्लेनी यांनी १९९४ च्या पुस्तकात त्याची हकिगत सांगितली आहे. हडसनने लोकप्रिय गाण्यांच्या गतीचा अभ्यास केला आणि १२० च्या आसपासचा ठेका सुचवला. म्हणजे अल्बममागे चक्क एक सर्व्हे! खप डोळ्यांपुढे ठेवून काम चालू होतं, हे इथे मान्य करावं लागतं.

जाता जाता त्या सर्व्हेकडेही बघा. फक्त गाजलेली गाणी मोजली तर त्यांची गती कळते. पण पडलेली गाणीही १२० वरच असतील, तर गतीमुळे गाणं गाजतं असं म्हणता येत नाही. यशस्वी नमुनेच निवडण्याची ही चूक प्रबंधांतही भरपूर सापडते.

'तेव्हा सगळेच करत होते' हे खरं का?

बँडच्या बाजूने एक युक्तिवाद असतो: एमटीव्ही १९८१ मध्ये आला, सिंथेसायझर सगळीकडे होता, दुसरा मार्गच नव्हता. याची परीक्षा घ्यायला योगायोगाने एक चांगली तुलना हाताशी आहे. तेच राज्य, तेच साल. जून १९८३ मध्ये टेक्सासच्याच स्टीव्ही रे व्हॉनचा 'टेक्सास फ्लड' आला. काही दिवसांत, जवळपास थेट वाजवून रेकॉर्ड केलेला, गिटार-बास-ड्रम्सचा ब्लूज. तो गाजला आणि खपलाही. म्हणजे दुसरा मार्ग होता. अर्थात हा काही पक्का कंट्रोल नाही. व्हॉनचा तो पहिला अल्बम होता, झीझी टॉप चौदा वर्षं जुने होते. पण 'नाइलाज होता' हा बचाव पाडायला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे. झीझी टॉपने निवड केली, आणि निवडीची जबाबदारी त्यांच्याकडेच जाते.

दावा तिसरा: अप्रामाणिकपणा

आता निकष सांगायची वेळ. माझ्या मते कलावंताने शैली बदलणं हा गुन्हा नाही, पैसा मिळेल अशी शैली निवडणं हाही नाही. विकलं जाणं म्हणजे खपासाठी ऐकणाऱ्याला किंवा सोबत राबणाऱ्याला फसवणं. या निकषावर दोन नोंदी बँडच्या विरोधात जातात आणि दोन्ही 'एलिमिनेटर'च्या सुरावटीबाहेरच्या आहेत.

एक, श्रेय. अल्बमवर संगीतकार म्हणून तिघांचीच नावं होती. हडसनचं नाव नव्हतं. त्यातल्या 'थग' या गाण्याचा कॉपीराइट आपला असल्याचं त्याने दाखवून दिलं आणि अखेर त्याला सहा लाख डॉलर द्यावे लागले. 'ला ग्रेंज'बद्दलही हुकरच्या गाण्याचे हक्क असलेल्यांनी खटला भरला होता. १९९५ चा अपील कोर्टाचा निकाल मात्र रेकॉर्ड विकणं म्हणजे प्रकाशन की नाही या कायद्याच्या मुद्द्यावर फिरला, चाल घेतली का हा प्रश्न बाजूलाच राहिला. म्हणून दुसरं प्रकरण मी पुराव्यात धरत नाही. पहिलं धरतो.

दोन, आणि माझ्या लेखी हे जास्त मोठं. 'एलिमिनेटर'च्या यशानंतर, १९८७ मध्ये, सुरुवातीचे अल्बम सीडीवर आणले गेले. ते जसेच्या तसे आणले नाहीत. त्यातल्या बहुतेकांचं पुन्हा मिक्सिंग केलं, ड्रम्सवर ऐंशीच्या दशकातला घुमारा चढवला, म्हणजे जुना बँड नव्यासारखा वाजावा. त्रेस ओम्ब्रेस'चं मूळ मिक्स सीडीवर यायला २००६ उजाडलं, आणि सत्तरच्या दशकातल्या आणखी काही अल्बमची मूळ रूपं २०१३ च्या संचातून आली. मधली जवळजवळ वीस वर्षं दुकानात जाऊन १९७३ चा अल्बम विकत घेणाऱ्याच्या हातात खरं तर १९८७ चा आवाज पडत होता.

याचा अर्थ लक्षात घ्या. 'बँड बदलला का?' हे तपासायला ज्या जुन्या नोंदींची गरज, त्याच नोंदी बदलल्या गेल्या. जुन्या वाचनावर नवीन आकडे चढवले. त्या काळात सीडी ऐकून 'काही फार बदललं नाही बुवा' असं म्हणणारा श्रोता प्रामाणिकच होता, त्याची बेसलाइन दूषित होती.

याच सुमारास गिबन्सने मडी वॉटर्सच्या मोडक्या झोपडीतल्या लाकडाची गिटार बनवून घेतली आणि मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज संग्रहालयासाठी निधी उभा करायला मदत केली. दुसऱ्याचा वारसा जपायला धावणारा माणूस आणि स्वतःच्याच जुन्या अल्बमवर घुमारा चढवू देणारा बँड, दोन्ही एकाच दशकात. म्हणून हेतूबद्दल बोलताना मी हात आखडता घेतो.

माझा निकाल

'एलिमिनेटर' बनवताना झीझी टॉप विकले गेले नाहीत. तो विचारपूर्वक बनवलेला, खपाकडे डोळे असलेला चांगला अल्बम आहे. हडसनचं नाव वगळलं तिथे ते चुकले. आणि जुन्या रेकॉर्डिंगवर नवा रंग देऊन ती जुनीच म्हणून विकली गेली, तिथे 'विकले गेले' हा शब्द मला योग्य वाटतो. चाहत्यांचा राग खरा होता, बोट चुकीच्या अल्बमकडे होतं.

हा आरोप उद्या तुमच्यावरही येणार आहे. फेलोशिप मिळते म्हणून विषय बदलाल, गाइडकडे प्रोजेक्ट आहे म्हणून नवं तंत्र शिकाल, तेव्हा कुणीतरी म्हणेलच की हा पैशाच्या मागे गेला. त्या बोलण्याने खचू नका. विषय बदलणं ही निवड आहे. मात्र सोबत काम केलेल्याचं नाव पेपरमधून गळलं, किंवा नव्या निष्कर्षाशी जुळावीत म्हणून जुनी वाचनं 'साफ' केली, तर तिथे थांबा.

आता या आठवड्याचा गृहपाठ. 'ला ग्रेंज'चं मूळ मिक्स आणि १९८७ चं मिक्स शोधून लागोपाठ ऐका. ड्रम्समधला फरक चार ओळींत लिहा, पण 'चांगलं', 'वाईट', 'अस्सल' हे शब्द न वापरता. निरीक्षण आणि मत वेगळं ठेवणं किती अवघड जातं, ते तिसऱ्या ओळीपर्यंत कळेल.