नेकेड लंच आणि बटाटेवडे

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतात. पार्किंगशेजारचा हॉल, भिंतीवर इस्त्री केलेली पांढरी चादर, माणशी पन्नास रुपये वर्गणी आणि मध्यंतरात तळमजल्यावरच्या काकूंचे बटाटेवडे. पहिल्या तीन गोष्टी पुष्कळ सभासद चौथीसाठी सहन करतात. मागच्या खेपेला 'द लंचबॉक्स' लावला तेव्हा हॉल भरला, बायकांनी डोळे पुसले आणि वडे कमी पडले. तेवढ्यात आमच्या भाच्यानं पुढच्या महिन्यासाठी 'नेकेड लंच' सुचवला. सेक्रेटरींनी फक्त एवढंच विचारलं, "हाही जेवणावरच ना?"

"नावात तरी आहे," भाचा म्हणाला. अनुमोदक म्हणून माझं नाव लागलं. माणसानं कशाला अनुमोदन द्यावं याचा कायदा व्हायला हवा.

फळ्यावर नाव झळकलं. 'लंच' वाचून नेहमीची मंडळी आली आणि 'नेकेड' वाचून नेहमी न येणारी. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा तर चार वर्षांनी खाली उतरले. दोन्ही पक्ष सारखेच फसले हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवातीला पाच मिनिटं मी बोलायचं ठरलं होतं. सिनेमा 1991 चा, कॅनडाच्या डेव्हिड क्रोनेनबर्गचा. मूळ कादंबरी विल्यम बरोज या अमेरिकन लेखकाची, 1959 साली पॅरिसला निघालेली. अमेरिकेत तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1966 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं ती निर्दोष ठरवली. बरोज स्वतः अनेक वर्षं अफू-हेरॉइनच्या व्यसनात बुडालेला. कादंबरीला धड कथानक नाही, म्हणून दिग्दर्शकानं ती लिहिली कशी गेली असेल याचाच सिनेमा... इथे मेजरसाहेब म्हणाले, "लावा आता." लावला.

न्यूयॉर्क, साल 1953. बिल ली नावाचा माणूस घरोघर किडे मारायची पावडर फवारत हिंडतो. पावडर कमी पडायला लागते, कारण त्याची बायको जोन ती सुईनं टोचून घेत असते. आमच्याकडे एक पेस्ट कंट्रोलवाले आहेत. ते लगेच म्हणाले, "पावडर आता कोण मारतं? जेल लावतात." सिनेमाला तांत्रिक बाजू सांभाळता आलेली नाही, हे त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

मग पोलीस बिलला पकडून एका खोलीत बसवतात आणि समोर एक पेटी ठेवतात. पेटीतून कोंबडीएवढा किडा निघतो आणि पंखाखालच्या, चारचौघांत नाव घेता येणार नाही अशा अवयवातून बोलायला लागतो. तू गुप्तहेर आहेस, मी तुझा साहेब आहे, तुझी बायको शत्रूची हस्तक आहे, तिला संपव. 'नेकेड'साठी आलेल्यांपैकी निम्मे इथे उठले. उरलेले वड्यांच्या वासावर तग धरून राहिले.

थोड्या वेळानं बिल मित्रांच्या समोर बायकोच्या डोक्यावर ग्लास ठेवतो, नेम धरतो, आणि गोळी तिच्या कपाळात जाते. हॉल गप्प झाला. हे मात्र भासातलं नाही. 1951 साली मेक्सिको सिटीत बरोजनं आपली बायको जोन व्होल्मर हिला नेमका असाच खेळ करताना मारलं होतं. सिनेमातला बिल मग पिस्तूल देऊन टाकतो आणि त्याच्या बदल्यात टाइपरायटर घेतो. त्याचाही किडा होतो आणि तोही हुकूम सोडायला लागतो. कचेरीत जन्मभर टायपिंग केलेले एक गृहस्थ दुखावले गेले. "छत्तीस वर्षं बडवला. कधी उलटून बोलला नाही," म्हणाले.

यापुढचा सिनेमा 'इंटरझोन' नावाच्या शहरात घडतो. तिथे विषारी गोमेचं मांस विकतात आणि मगवम्प नावाचे ओंगळ प्राणी बारमध्ये बसतात. हे मी तुम्हाला समजावून सांगणार नाही, कारण त्या दिवशी मलाही कळत नव्हतं.

सिनेमा संपल्यावर चर्चा असते. भाचा म्हणाला, "यात वास्तवाचं विघटन आहे." मेजरसाहेब म्हणाले, "माझ्या सायंकाळचं झालंय." सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, 'चित्रपट कोणासही न समजल्याचे एकमताने मंजूर.' मग सगळ्यांनी अनुमोदकाकडे पाहिलं. मी म्हणालो, "हे सगळं प्रतीकात्मक आहे." प्रतीक हा शब्द मोठा सोयीचा. पाहुणे अचानक आले की पसाऱ्यावर चादर टाकतो ना आपण, तसा.

तेवढ्यात रिकामी परात उचलायला आलेल्या काकू म्हणाल्या, "त्यात न समजण्यासारखं काय आहे हो?"

आम्ही हसलो.

"तो किडा त्याचा साहेब ना? मग झालं तर. आमचे हे पण कधी स्वतः होऊन प्यायले नाहीत. साहेबांनी पाजली. साहेबांची बदली झाली, मग पार्टीनं पाजली. माझा हात मोडला तेव्हा म्हणाले, तूच मला करायला लावलंस." आणि परात घेऊन गेल्या.

काका जाऊन अकरा वर्षं झाली. गणपतीत खणखणीत आरती म्हणायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. हात मोडला तेव्हा काकू जिन्यावरून पडल्या होत्या. निदान आम्ही तसंच विचारलं होतं आणि त्यांनी तसंच सांगितलं होतं.

रात्री मी सिनेमा पुन्हा लावला. काकूंचं म्हणणं धरून पाहिला आणि गाठ सुटत गेली. या माणसाला भास होतात खरे, पण प्रत्येक भास त्याच्या सोयीचा आहे. तो स्वतः काहीच करत नाही. किडा सांगतो, डॉक्टर देतो, मगवम्प पाठवतो. हा फक्त रिपोर्ट लिहितो. एकाच जागी दिग्दर्शक आपल्याला त्याच्या डोक्याबाहेर नेतो. न्यूयॉर्कचे दोन मित्र शोधत येतात तेव्हा बिल एक पिशवी उराशी धरून पडलेला असतो. त्याच्या मते तिच्यात मोडलेला टाइपरायटर आहे. मित्र डोकावतात, तर आत नुसत्या औषधांच्या बाटल्या आणि सुया. एवढ्या किडामुंग्यांत अंगावर काटा आणणारी जागा हीच, आणि हॉलमध्ये त्याच वेळी आम्ही मेजरसाहेबांना चटणी पोचवत होतो.

इंटरझोन म्हणजे बरोज राहिला ते मोरोक्कोतलं टँजिअर. आखाती युद्धामुळे तिथे जाता आलं नाही, म्हणून ते शहर टोरांटोत सेट लावून उभं केलं. ते खोटं दिसतं. मला वाटतं, हे नुकसान सिनेमाला फायद्याचं ठरलं, कारण हा गडी आपल्या खोलीबाहेर कधी पडलाच नसावा अशी शंका येत राहते.

पण तक्रारही आहे. उत्तरार्ध रेंगाळतो. किड्याचा तो चावटपणा पहिल्यांदा हसवतो, तिसऱ्यांदा नाही. आणि मुख्य म्हणजे जोन. ज्युडी डेव्हिसनं बिलची बायको आणि इंटरझोनमध्ये भेटणारी दुसरी जोन अशी दोन्ही कामं फार उत्तम केली आहेत, पण दोघींना काम एकच, कपाळावर गोळी घेण्याचं. शेवटी सरहद्दीवरचे शिपाई बिलला म्हणतात, लेखक असल्याचा पुरावा दे. पेन दाखवून भागत नाही. मग तो दुसऱ्या जोनला गोळी घालतो आणि फाटक उघडतं. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, पण कॅमेरा त्याच्या बाजूनं उभा आहे. जोन मेली नसती तर आपण लेखक झालोच नसतो, असं बरोजनं 1985 मध्ये एका प्रस्तावनेत लिहिलं आहे. आपल्याला एका दुष्ट शक्तीनं झपाटलं होतं, असंही. म्हणजे तिथेही साहेब आहेच. दिग्दर्शकानं हे साहेब प्रकरण दीड तास उघडं पाडलं आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यांना खुर्ची दिली.

चार दिवसांनी काकूंनी पेन ड्राइव्ह मागून नेला. वडे तळताना मधला भाग हुकला होता म्हणे. परत आला तो स्टीलच्या डब्यात, चार वड्यांच्या बाजूला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

"पाहिलात का पूर्ण?" मी विचारलं.

"नाही. ती पिशवी उघडतात ना, तिथपर्यंत पाहिला. पुढचं मला ठाऊक आहे."

डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा कसा द्यायचा, म्हणून राहिलाय.